रेसला जायला नवऱ्याची सही कशाला? क्लबच्या कार्यकारिणीला खुलं पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आणि कार्यकारिणीचे सर्व सभासद,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात क्लबच्या फलकावर महिला विभागाच्या सहलींबद्दल एक सूचना लागली. तिच्यात लिहिलंय की या वर्षापासून विभागाची पुण्याची पावसाळी रेस-सहल (घोड्यांच्या रेस बघायची) आणि मुंबईची डर्बी-सहल (डर्बी म्हणजे तिथली मानाची मोठी रेस) बंद करण्यात येत आहे. त्याऐवजी विभागानं ‘महिलांना शोभतील असे’ कार्यक्रम घ्यावेत, म्हणजे हळदीकुंकू, पाककृती स्पर्धा आणि वर्षातून एक देवदर्शनाची सहल. यापुढं महिलांची कुठलीही सहल शहराबाहेर जाणार असेल तर सोबत एक पुरुष पदाधिकारी असावा आणि विवाहित सभासदांनी पतीची लेखी संमती अर्जाला जोडावी, असंही तिच्यात आहे.

या सूचनेवर विभागातल्या आम्ही सगळ्यांनी सह्या करून तुम्हाला पत्र दिलं. कार्यालयातून पोच मिळाली, उत्तर आलं नाही. अध्यक्षसाहेबांना समक्ष भेटायची वेळ मागितली, ती मिळाली नाही. म्हणून आता सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. क्लबचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माझं भांडण निर्णयाशी आहे, संस्थेशी नाही. या संस्थेवर माझा जीव आहे. पण हे पत्र गावातल्या दुसऱ्या मंडळांतल्या, सोसायट्यांतल्या बायकांनीही वाचावं असं मला वाटतं, कारण अशा सूचना एकाच फलकावर लागत नाहीत.

मला यात एवढं का लागलं ते आधी सांगते.

माझे वडील नालबंद होते. कोल्हापुरात टांगे होते त्या काळातले. घोड्याचा पाय मांडीवर घ्यायचे, खुराची वाढलेली कड कापायचे, कानशीनं तळ सपाट करायचे आणि मग नाल बसवायचे. मी शेजारी खिळ्यांचा डबा धरून बसायची. नालेच्या खिळ्याचं टोक एका बाजूनं किंचित उतरतं असतं. ती बाजू आत ठेवून ठोकलं की खिळा वळून खुराच्या बाहेर निघतो. उलटा धरला तर आतल्या जिवंत भागात शिरतो आणि घोडा लंगडतो. वडील हात पुढं करायचे, न बघता. मी खिळा बरोबर त्या बाजूनं त्यांच्या बोटांत ठेवायची. बाहेर आलेलं टोक मुरगळून तोडलं, उरलेलं ठोकून बसवलं, की पुढचा पाय. हे काम मला येत होतं, पण घोड्याच्या पाठीवर मला कुणी कधी बसू दिलं नाही, आणि खूर स्वतःच्या मांडीवर घ्यायचा हट्ट केला तेव्हा शेजारच्यांनी वडिलांना ऐकवलं की पोरीला असलं शिकवून काय करणार. पुढं लग्न, नोकरी, मुलं, सासूबाईंचं आजारपण. त्या सगळ्या वर्षांत घोडा बघितला तो वरातीतला.

मग तुमच्याच क्लबनं महिला विभाग सुरू केला. तो सुरू करणाऱ्या त्या वेळच्या कार्यकारिणीचे उपकार मी विसरलेली नाही. त्या विभागामुळं मी साठीच्या घरात येऊन पहिल्यांदा रिकिबीत पाय ठेवला. आणि त्या विभागाच्या सहलींमुळं मला पुण्याचं रेसकोर्स, मुंबईचं महालक्ष्मी रेसकोर्स आणि दिवाळीतला अकलूजचा घोडेबाजार बघायला मिळाला.

या सहली म्हणजे काय असतात ते तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसावं, असं ही सूचना वाचून वाटतं. म्हणून पुण्याची सहल नीट सांगते.

जुलै ते ऑक्टोबर हा पुण्याचा सीझन. रविवारी पहाटे, अजून अंधार असतो तेव्हा, कावळा नाक्यावर ताराराणींच्या पुतळ्यापाशी आमची बस लागते. कुणी धपाटे आणलेले असतात, कुणी भडंग, कुणी थर्मासमधून चहा. पेठ नाका, कऱ्हाड, सातारा करत दुपारच्या आत आम्ही एम्प्रेस गार्डनजवळच्या रेसकोर्सवर पोचतो. आणि मग आमच्या बायका सरळ पॅडॉकच्या कठड्याला जाऊन उभ्या राहतात.

रेसच्या आधी घोडे तिथं गोल फिरवतात. आपल्या पुढ्यातून, हाताच्या अंतरावरून जातात म्हटलं तरी चालेल. पावसाची भुरभुर असली तर अंगाला वाफ सुटलेली दिसते. चालताना मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाच्या पुढं पडतो का, हे आम्ही बघतो. ज्याचा पडतो त्याची ढांग मोठी. मानेवर आणि मागच्या मांड्यांच्या मधे पांढरा फेस आला असेल तर घोडा घाबरलाय, त्याची ताकद तिथंच सांडायला लागली. कान कुठं आहेत, शेपटी सारखी झाडतोय का, कातडीवर तकाकी आहे का. मैदान किती मऊ झालंय ते पेनिट्रोमीटरनं मोजून जाहीर करतात. तो आकडा आम्ही लिहून घेतो, कारण काही घोडे चिखलात उमलतात आणि काही मनच लावत नाहीत. कोणावर किती वजन दिलंय, कुठल्या जॉकीनं या घोड्यावर आधी रपेट मारलीय, १२०० मीटर पळणारा घोडा १६०० मीटरला दम धरेल का, यावर कठड्याशी जे बोलणं होतं ते ऐकायला कधीतरी या.

आमच्यात एक सभासद आहे, गंगावेशीत कट्ट्यावर म्हैस उभी करून धार काढून दूध विकणाऱ्या घरातली. शाळा फारशी झालेली नाही. रेसकार्डावरची इंग्रजी नावं तिला वाचता येत नाहीत, ती आम्ही वाचून दाखवतो. पण जनावर बघायची तिची नजर आमच्यात कुणाला नाही. एकदा एक कुमैत (तांबूस तपकिरी) वछेरी, म्हणजे तरुण घोडी, फेरी मारून पुढ्यातून गेली आणि ही म्हणाली, “हिचा डावा मागचा पाय बघा, टेकवताना कच खातीय.” आम्हाला काही दिसलं नाही. दुसऱ्या फेरीत नीट बघितल्यावर दिसलं. ती वछेरी त्या दिवशी शेवटून दुसरी आली. घरी या बाईला कुणी कशाबद्दल मत विचारत नाही. तिथं कठड्याशी आम्ही सगळ्या तिच्याकडं तोंड करून उभ्या असतो, आणि आता दुसऱ्या गावचे अनोळखी पुरुषही “मावशी, तुम्हाला कुठला वाटतोय?” असं विचारून जातात.

दुसरी एक सभासद नवरा गेल्यावर दोन वर्षं घराबाहेर पडली नव्हती. दवाखाना आणि बँक सोडून बाहेर जायला तिच्याकडं कारणच नव्हतं. तिची मुलगी तिला आमच्याकडं घेऊन आली. परतीच्या बसमध्ये ती कऱ्हाडपर्यंत बोलत होती, जॉकींच्या अंगातल्या रंगांबद्दल. प्रत्येक मालकाचे रंग वेगळे, एवढं एकच तिला समजलं होतं आणि तेवढ्यावर तिचा दिवस भरला होता. आता ती विभागाचा हिशोब बघते.

ही सहल बंद केलीत म्हणजे काय बंद केलंत, ते यावरून कळावं.

आता तक्रारी सांगते.

पहिली तक्रार निर्णय घेण्याच्या पद्धतीबद्दल. महिला विभागाला स्वतःची समिती आहे, ती तुम्हीच नेमली. तिला न विचारता, बैठकीच्या विषयपत्रिकेवर विषय न घेता, सर्वसाधारण सभेपुढं न ठेवता हा निर्णय झाला. आमच्या संयोजिकेला तो फलकावर वाचून कळला, तेही क्लबच्या शिपायानं हाक मारून दाखवल्यावर. आम्ही वर्गणी भरतो ती पुरुष सभासदांइतकीच, एक रुपया कमी नाही. वार्षिक अंदाजपत्रकात आमच्या सहलींची तरतूद सभेनं मंजूर केलेली आहे. सभेनं मंजूर केलेली तरतूद कार्यकारिणी परस्पर हळदीकुंकवाकडं वळवू शकते का, याचं उत्तर क्लबच्या घटनेत बघून द्यावं.

दुसरी, जुगाराबद्दल. सूचनेत हा शब्द नाही, पण तोंडी हेच कारण सगळ्यांना सांगितलं जातंय की रेस म्हणजे जुगार, आणि बायका तिथं गेल्या की घरं बिघडतील. ही काळजी मी उडवून लावत नाही. आमच्या गल्लीत मट्क्यानं बसलेली घरं मी बघितली आहेत. त्या घरातल्या बायका दुसऱ्यांकडं भांडी घासून पोरं शिकवत होत्या. पण या राज्यात घोड्यांच्या रेसला १९१२ च्या कायद्यानं परवाना लागतो, त्या परवान्याखाली त्या चालतात, सरकार त्यावर कर घेतं, आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं रेस हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, जुगार नव्हे, असा निकाल दिलेला आहे. हे तुम्हाला मी सांगायला नको. क्लबच्या वाचनालयात तो विषय तुम्हीच चर्चेला घेतला होता.

आणि आमच्या सहलीत काय चालतं ते विचारायचं तरी होतं. प्रत्येक रेसच्या आधी प्रत्येकीनं आपला घोडा चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचा. दिवसअखेर जिच्या सर्वात जास्त चिठ्ठ्या बरोबर निघतील तिला खण आणि नारळ. विभागाच्या पैशातून पैज लावायची नाही, उसने द्यायचे-घ्यायचे नाहीत, हा आमचाच नियम आहे, तुम्ही सांगायच्या आधीपासूनचा. एखादीनं स्वतःच्या पर्समधून टोटवर, म्हणजे रेसकोर्सच्या पैजेच्या खिडकीवर, छोटं तिकीट घेतलं तर ती सज्ञान बाई आहे. पुरुष सभासद डर्बीला जातात तेव्हा काय करतात, त्यावर कार्यकारिणीनं कधी सूचना काढलेली माझ्या वाचनात नाही. आणि त्यांची डर्बीची सहल या वर्षीही आहे. ती सूचना आमच्या सूचनेशेजारीच लावलेली आहे, बसच्या भाड्यासह.

तिसरी तक्रार बसची. गेल्या वर्षी पुण्याहून परतताना आमची बस मध्यरात्र उलटून गेल्यावर पोचली, हे खरं आहे. हायवेचं काम चालू होतं, वळणरस्त्यावर एक ट्रक आडवा झाला होता, सगळी वाहनं तास न तास अडकली होती. त्यात आम्ही काय चूक केली? घरच्यांना फोन केले, दोघींची औषधाची वेळ होती ती सांभाळली, चालकाला जेवू घातलं, पहाटे प्रत्येकीला तिच्या दारापर्यंत सोडून मग आमच्या संयोजिका घरी गेल्या. त्या रात्री अध्यक्षसाहेबांना काही घरांतून फोन गेले आणि त्यांना त्रास झाला, त्याबद्दल मला वाईट वाटतं. पण त्याच हायवेवर पुरुषांची बसही अडकलेली आहे. तेव्हा कुणी त्यांच्या सहली बंद केल्या नाहीत, दुसऱ्या चालकाची सोय केली. आमच्यासाठीही तीच सोय करा. सोबत पुरुष पदाधिकारी असता तर आडवा झालेला ट्रक लवकर निघाला असता असं नाही.

चौथी तक्रार सगळ्यात जास्त बोचलेली आहे: पतीची लेखी संमती.

आमच्या विभागात निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. एक बँकेत शाखाधिकारी होत्या, लोकांची कर्जं त्यांच्या सहीनं मंजूर व्हायची. एक स्वतःचा गोठा चालवते. एकीनं वरातीच्या घोड्यांवर नवऱ्यामागं दोन मुलं वाढवली. दोन घोडे तिचे, चंदी-वैरण तिची, गिऱ्हाईक तिचं. काही जणींना नवरा नाही, काही जणींनी लग्न केलेलं नाही, एक वेगळी राहते. यांनी संमतीच्या रकान्यात काय लिहायचं? मुलाची सही आणायची? आणि ज्यांचे नवरे आहेत, त्यांतल्या कुणीही आजवर तक्रार केलेली नाही. माझे यजमान पहाटे मला स्कूटरवरून नाक्यावर सोडतात आणि बस हलेपर्यंत थांबतात. त्यांच्याकडं हा फॉर्म नेऊन दिला तेव्हा ते म्हणाले, “मी सही करणार नाही. मला तुझा मालक व्हायचं नाही.” फॉर्म कोराच आहे, पाहिजे तर पाठवून देते.

हे कोल्हापुरात व्हावं, याचं मला फार दुःख आहे. १९१८ साली शाहू महाराजांचे धाकटे चिरंजीव शिवाजीराजे शिकारीत घोड्यावरून पडून गेले. सून इंदुमतीदेवी तेव्हा अजून लहान मुलगी होती. त्या काळच्या रिवाजानं तिला एका खोलीत बसवून ठेवलं असतं. महाराजांनी तिला सोनतळीच्या कॅम्पवर ठेवलं, शिक्षक नेमले, सोबतीला दुसऱ्या घरांतल्या मुली ठेवल्या, आणि विरोध झाला तरी तिचं शिक्षण थांबू दिलं नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, १९१७ ला, त्यांनी संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला होता आणि सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला होता. ज्या माणसाचा मुलगा घोड्यावरून पडून गेला त्यानं सुनेला घरात कोंडलं नाही. आपल्या क्लबच्या दिवाणखान्यात त्यांची तसबीर आहे. प्रत्येक सभा तिला हार घालून सुरू होते.

आता ‘शोभतील’ अशा कार्यक्रमांबद्दल. हळदीकुंकू आम्हाला आवडतं. आम्ही ते आमच्या आमच्या घरी करतो, अंबाबाईला तर शुक्रवारी कुणी सांगायची वाट न बघता जातो. पण क्लबचा अधिकृत कार्यक्रम म्हणून हळदीकुंकू ठरवताना तुमच्यातल्या एकाच्याही मनात आलं नाही का, की आमच्या विभागात विधवा सभासद आहेत? ती नवरा गेलेली, हिशोब बघणारी, तिनं त्या दिवशी काय करायचं? क्लबच्या दारात उभं राहून दुसऱ्यांच्या कपाळाला कुंकू लागताना बघायचं? आमच्यात मुसलमान सभासद आहेत, एक ख्रिस्ती आहे. त्यांनी? आपल्याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी काढायची नाहीत. मग राज्य सरकारनंही इतर गावांनी तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. एका खेड्यातल्या ग्रामपंचायतीला जे सुचलं ते शहरातल्या शिकलेल्या कार्यकारिणीला सुचू नये, याचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. तुम्ही ठरवलेला कार्यक्रम आमच्यातल्या काहींना वगळतो. तुम्ही बंद केलेल्या सहलीतून कुणीच वगळलं जात नव्हतं.

रेस बायकांना शोभत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी रेसचा इतिहास एकदा बघावा. पहिली इंडियन डर्बी १९४३ साली महालक्ष्मीला झाली. ती बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्यूटिफुल या वछेरीनं जिंकली. पहिल्याच डर्बीत नरांना मागं टाकून मादी पुढं आली. रूपा सिंग या आपल्या देशातल्या पहिल्या व्यावसायिक महिला जॉकी म्हणून ओळखल्या जातात, आणि त्या पुरुषांच्याच रेसमध्ये पुरुषांच्या बरोबरीनं उतरत आल्या. १८६१ पासून चाललेला मेलबर्न कप २०१५ ला पहिल्यांदा एका बाईनं जिंकला, मिशेल पेननं, प्रिन्स ऑफ पेन्झान्सवर बसून, आणि त्या घोड्याचा भाव होता शंभराला एक, म्हणजे तो जिंकेल असं जवळजवळ कुणालाच वाटत नव्हतं. २०२१ ला रेचेल ब्लॅकमोरनं ग्रँड नॅशनल मारली. त्या रात्री आमच्या विभागातल्या चौघीजणी माझ्या घरी मोबाईल मधोमध ठेवून बघत होत्या. बाई आणि पुरुष एकाच रेषेवरून सुटतात आणि एकाच खांबापाशी निकाल लागतो, असे खेळ जगात फार थोडे आहेत. हा त्यातला एक आहे. त्यातून बायकांनाच बाहेर काढायचं?

बाकीच्या गोष्टी लहान आहेत, त्या थोडक्यात. रिंगणात सरावाला आम्हाला दुपारची वेळ दिली जाते. उन्हात घोड्याचेही हाल आणि आमचेही. महिलांच्या स्वच्छतागृहात खुर्च्यांचा ढीग ठेवलेला असतो. क्लबच्या वार्षिक अंकात आमच्या सहलीचा फोटो एकदाही आलेला नाही. यांबद्दल वेगळं बोलू.

मुंबईबद्दल मात्र एक सांगायलाच हवं. महालक्ष्मीचं रेसकोर्स १८८३ पासून आहे. त्या २११ एकरांपैकी १२० एकर जागा आता महापालिकेच्या मोठ्या उद्यानाकडं गेली आहे आणि ९१ एकर रेस भरवणाऱ्या टर्फ क्लबकडं राहिली आहे. मुंबईकरांना मोकळी जागा मिळावी, यावर मला काही म्हणायचं नाही. पण तिथलं रूप बदलत जाणार, आणि आमच्यात अशा सभासद आहेत ज्यांनी ते अजून बघितलेलं नाही. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री निघायचं, सकाळी दादरला उतरायचं, लोकलनं महालक्ष्मी स्टेशन गाठायचं, हे सगळं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. त्यातल्या एकीनं आयुष्यात कधी लोकल बघितलेली नाही. तिला डर्बीपेक्षा लोकलचीच जास्त धास्ती होती आणि जास्त हौसही. “पुढच्या वर्षी बघू” हे आमच्या वयाच्या बाईला सांगू नका.

आमच्या मागण्या अशा आहेत.

फलकावरची सूचना मागं घ्यावी, आणि मागं घेतल्याचं त्याच फलकावर लिहावं.

पतीची संमती आणि सोबत पुरुष पदाधिकारी, या दोन अटी कायमच्या रद्द कराव्यात. यात तडजोड नाही. ‘पती किंवा पालक किंवा मुलगा’ अशी दुरुस्ती करून चालणार नाही.

सहलींचे नियम पुरुष आणि महिला विभागांना एकच असावेत आणि ते लिहून काढावेत. दोन चालक, प्रथमोपचाराची पेटी, घरच्यांचे फोन नंबर, परतीची वेळ, क्लबच्या पैशातून पैज न लावणं, या सगळ्याला आमची तयारी आहे. पैजेचा नियम करणार असाल तर तो डर्बीला जाणाऱ्या पुरुषांनाही लागू करा.

यापुढं महिला विभागाबद्दल कुठलाही निर्णय घेताना विभागाची प्रतिनिधी बैठकीत हजर असावी, मताच्या अधिकारासह. नुसतं ‘निमंत्रित’ म्हणून बसवू नये.

हळदीकुंकवाकडं वळवलेली तरतूद सहलींना परत द्यावी. हळदीकुंकू करायचंच असेल तर ते सगळ्यांसाठी असेल, कुणाच्याही कपाळाकडं न बघता, असं आधी ठरवावं. तसं असेल तर त्या दिवशी ताटं घेऊन सगळ्यात आधी आम्ही येऊ.

पुण्याचा सीझन जुलैत सुरू होतो. बसवाल्याला आगाऊ रक्कम जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत द्यावी लागते, नाहीतर रविवारची गाडी मिळत नाही. म्हणून तुमचं लेखी उत्तर १५ जूनपर्यंत पाहिजे. ते आलं नाही तर विशेष सर्वसाधारण सभा बोलावण्याची मागणी घटनेप्रमाणे आम्ही सह्यांसह देऊ. सह्या गोळा करायला सुरुवात झाली आहे आणि त्यांत पुरुष सभासदही आहेत. सभा होईपर्यंत पुण्याला आम्ही आमच्या खर्चानं जाऊ. क्लबचा बॅनर बसला लावणार नाही. गाडी नेहमीच्या ठिकाणीच लागेल. तुमच्यापैकी ज्यांना यायचं आहे त्यांनी एका धपाट्याच्या डब्यासह यावं, जागा ठेवू.

आपली नम्र,
महिला विभागाची एक सभासद,
कोल्हापूर